बेसबॉलचा ड्राफ्ट टीमने कसा खेळायचा: ह्यूस्टनचा हिशोब समोर ठेवून

मी ह्यूस्टनला राहायला आलो तेव्हा इथली अ‍ॅस्ट्रोज टीम वर्षाला शंभरच्या वर मॅच हरायची. २०११ ला १०६, २०१२ ला १०७, २०१३ ला तर १११, तेही १६२ पैकी. मॅचला जायचं ते एसी स्टेडियम आणि हॉट डॉगसाठी, जिंकायची आशा घेऊन कोणी जायचं नाही. तेव्हा ऑफिसमधला एक जुना फॅन मला म्हणाला होता की मॅच राहू दे, तू ड्राफ्ट बघ, ही टीम सध्या तिथे खेळतेय. मला वाटलं थट्टा करतोय. मग २०१७ ला हीच टीम वर्ल्ड सिरीज, म्हणजे इथल्या बेसबॉलची फायनल, जिंकली आणि त्यातली अर्धी पोरं ड्राफ्टमधून आलेली दिसली तेव्हा पटलं.

बेसबॉल टीमने शाळा-कॉलेजातल्या पोरांच्या ड्राफ्टला नेमकं कसं भिडायचं ते पायरी-पायरीने सांगतो. आयपीएलचा लिलाव डोक्यात असेल तर तो जरा बाजूला ठेवा. तिथे तयार खेळाडू घेता, काही महिन्यांत तो मैदानात असतो. इथे १७ ते २२ वर्षांचं पोरगं घ्यायचं, ते बसने गावोगाव फिरत मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, तीन-चार-पाच वर्षं घालवणार, आणि मग वर मेजर लीगमध्ये आलं तर आलं. पाण्यातल्या म्हशीचा सौदा आहे हा. बोली वगैरे नसते, आपला नंबर आला की एक नाव घ्यायचं, पण पैसा आहेच, आणि माझ्या मते अर्धा ड्राफ्ट त्या पैशाच्या वाटणीतच आहे. जी टीम एकेक पिक (म्हणजे ड्राफ्टमधली एक निवड, शेतातलं नव्हे) सुटंसुटं बघते ती मार खाते, जी सगळे पिक मिळून एकच खरेदी समजते ती टिकते.

आता समजा तुम्हीच टीमचे जनरल मॅनेजर आहात.

पायरी १: नियम पाठ करा

पहिला ड्राफ्ट १९६५ चा, पहिलं नाव रिक मंडे. तेव्हा पुष्कळ राउंड (एका राउंडात साधारण प्रत्येक टीमला एक निवड) असायचे, मग ५० झाले, २०१२ पासून ४०, कोविडच्या २०२० मध्ये फक्त ५, आणि २०२१ पासून २०. महिनाही जूनचा जुलै झाला.

ड्राफ्टमध्ये येऊ शकतो तो अमेरिका, कॅनडा किंवा पोर्तो रिकोसारख्या अमेरिकेच्या ताब्यातल्या भागात राहणारा मुलगा. हायस्कूल संपवलं आणि अजून कॉलेज सुरू केलं नाही तर चालतो, चार वर्षांच्या कॉलेजात असेल तर तीन वर्षं पूर्ण हवीत किंवा वय २१ हवं, आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातला केव्हाही चालतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण ब्राइस हार्परने हायस्कूल लवकर उरकून नेवाडातल्या ज्युनियर कॉलेजात खेळून एक वर्ष वाचवलं आणि २०१० ला १७ व्या वर्षीच पहिल्या नंबरवर गेला.

बाहेरच्या देशातली पोरं यात येतच नाहीत, डॉमिनिकन किंवा व्हेनेझुएलाच्या पोरांना १६ व्या वर्षापासून थेट साइन करतात. ह्यूस्टनचा होझे आल्तुवे असाच व्हेनेझुएलातून फक्त १५,००० डॉलरला आलेला, आधी बुटका म्हणून ट्रायआउटमधून घरी पाठवलेला. आपल्याकडचे रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले तेही याच वाटेने, ड्राफ्टमधून नाही. भारतीय आईबापांचा पण फ्लोरिडात हायस्कूल केलेला अर्जुन निम्मला मात्र २०२३ ला ड्राफ्टमधून गेला, टोरंटोने विसाव्या नंबरवर घेतला. पासपोर्ट आणि रंग विचारत नाहीत, राहतोस कुठे आणि शाळा कुठली हे विचारतात.

नंबर लागतात कसे? पूर्वी जो सगळ्यात जास्त हरला तो पहिला. म्हणून तर ह्यूस्टनला २०१२, २०१३ आणि २०१४ असा सलग तीनदा पहिला नंबर मिळाला. आता तसं नाही. २०२३ च्या ड्राफ्टपासून लॉटरी आहे, प्लेऑफ हुकलेल्या १८ टीम त्यात असतात, पहिले सहा नंबर चिठ्ठीने ठरतात, आणि सगळ्यात वाईट तीन टीमनाही पहिल्या नंबरची शक्यता प्रत्येकी १६.५ टक्केच. वर, सारखं सारखं लॉटरीत बसता येत नाही. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ ला १२१ मॅच हरले आणि २०२५ ला त्यांना मिळाला दहावा नंबर! म्हणजे मुद्दाम हरून ड्राफ्ट जमवायचा हा जुना धंदा आता परवडत नाही, कोणी मालक तशी आयडिया घेऊन आला तर हा आकडा दाखवा.

आणि पिक एरवी विकता किंवा बदलता येत नाहीत, फक्त छोट्या शहरांच्या आणि कमी कमाईच्या टीमना मिळणारे जादा पिक तेवढे ट्रेड करता येतात.

पायरी २: थैलीत किती आहेत ते मोजा

ही पायरी मी स्काउटिंगच्याही आधी ठेवतो, यावर लोक माझ्याशी भांडतात.

पहिल्या १० राउंडच्या प्रत्येक नंबरला लीगने एक किंमत ठरवून दिलेली असते, तिला स्लॉट म्हणतात. २०२५ ला पहिल्या नंबरचा स्लॉट सुमारे १ कोटी १० लाख डॉलर होता. तुमच्या सगळ्या नंबरांचे स्लॉट मिळवले की तुमचा पूल, म्हणजे आपली आयपीएलची पर्स समजा. पण मजा अशी की त्या नंबरवरच्या पोराला तेवढेच द्यायचे असं बंधन नाही. एकाला कमी देऊन दुसऱ्याला जास्त द्या, बेरीज पूलमध्ये बसली की झालं.

पूलच्या वर गेलात तर दंड. ५ टक्क्यांपर्यंत वर गेलं तर जादा रकमेवर ७५ टक्के टॅक्स, बस. ५ च्या वर गेलात की पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक गेला, १० च्या वर दुसऱ्या राउंडचाही, आणि १५ च्या वर दोन वर्षांचे पहिले पिक. ही पद्धत २०१२ ला आली आणि त्यानंतर एकाही टीमने ५ टक्क्यांची रेघ ओलांडलेली नाही. म्हणून तुमचा खरा पूल म्हणजे कागदावरचा पूल अधिक ५ टक्के, त्यातला एकही डॉलर शिल्लक ठेवू नका. मालकाला टॅक्स भरायला आधीच राजी करून ठेवा, ऐन ड्राफ्टच्या दिवशी फोन करून विचारत बसू नका. मेजर लीगमध्ये मधल्या फळीतल्या पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) वर्षाला जेवढे देतात त्यापेक्षा हा टॅक्स कमी असतो.

अकराव्या ते विसाव्या राउंडात स्लॉट नसतो, तिथे दीड लाख डॉलरपर्यंत दिलेलं पूलमध्ये धरत नाहीत, त्याच्या वरचं तेवढं धरतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचा सापळा: पहिल्या १० राउंडात घेतलेल्या पोराने सही केली नाही तर त्याचा स्लॉट तुमच्या पूलमधून वजा होतो. त्याचे पैसे दुसऱ्यावर उधळता येत नाहीत. हे पुढे परत येणारे.

मोठा फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) घेतला तर पिक जातात, सॅलरीची मर्यादा फार ओलांडली तर पहिला नंबर दहा जागा खाली जातो, हे सगळं नोव्हेंबरातच हिशोबात धरा. ह्यूस्टनने तर समोरच्या टीमचे इशारे (साइन) चोरण्याच्या प्रकरणात २०२० आणि २०२१ चे पहिले-दुसरे राउंड गमावले, शिवाय ५० लाख डॉलर दंड. त्याची किंमत टीम अजून मोजतेय असं मला वाटतं.

पायरी ३: २०१२ चा ह्यूस्टनचा हिशोब एकदा स्वतः मांडून बघा

हा धडा मी कोणालाही सगळ्यात आधी शिकवेन. २०१२, नवीन नियमांचं पहिलंच वर्ष, ह्यूस्टनचा नंबर पहिला, स्लॉट ७२ लाख डॉलर. सगळे म्हणत होते की स्टॅनफर्डचा पिचर मार्क अपेल नाहीतर जॉर्जियाचा बायरन बक्सटन जाणार. ह्यूस्टनने नाव घेतलं पोर्तो रिकोच्या १७ वर्षांच्या कार्लोस कोरेयाचं, आणि सही झाली ४८ लाखांवर. वाचले २४ लाख.

मग ४१ व्या नंबरवर लान्स मॅक्युलर्स. हा पहिल्या राउंडच्या दर्जाचा हायस्कूल पिचर, पण मागणी मोठी म्हणून बाकीच्यांनी सोडलेला. स्लॉट साडेबारा लाखांच्या आसपास, दिले २५ लाख. चौथ्या राउंडात रिओ रुइझ, स्लॉट साडेतीन लाखांच्या आसपास, दिले साडेअठरा लाख. म्हणजे एका पिकावर वाचवलेले दोन पिकांवर घातले आणि पहिल्या राउंडच्या दर्जाची तीन पोरं घरी आणली.

आता निकाल बघा. रुइझ ह्यूस्टनसाठी कधी खेळलाच नाही, ट्रेडमध्ये गेला. कोरेया २०१५ चा सर्वोत्तम नवोदित झाला. आणि मॅक्युलर्सने २०१७ च्या सेमीफायनलच्या सातव्या मॅचमध्ये यँकीजना शेवटचे २४ बॉल लागोपाठ कर्व्हबॉल (वळणारे बॉल) टाकून घरी पाठवलं. मी ती मॅच उभ्याने बघितली होती. तिघांतले दोन निघाले, आणि ड्राफ्टमध्ये एवढं निघालं तर पेढे वाटायचे.

कोरेया स्वस्त होता म्हणून घेतला असं मात्र नाही, चांगल्या चार-पाच पोरांत फारसा फरक नव्हता आणि त्यातला हा कमी पैशात तयार होता. इथेच पुष्कळ टीम फसतात. नुसते पैसे वाचवायला दुय्यम पोरगा वर घेतला तर वाचलेल्या पैशाने दुय्यमच आणखी दोन येतात. आणि जेव्हा एक पोरगा खरंच बाकीच्यांच्या डोक्यावर उभा असतो, उदाहरणार्थ २०२३ चा पॉल स्कीन्स, तेव्हा हिशोब बाजूला ठेवून त्याला घ्या. पायरेट्सनी त्याला ९२ लाख डॉलर दिले आणि वर्षभरात तो मेजर लीगमध्ये होता.

पायरी ४: डोळे आणि आकडे, दोन्ही ठेवा

प्रत्येक टीमचे एरिया स्काउट असतात, एकेकाकडे एक-दोन राज्यं, वर्षभर गाडी चालवायची, हायस्कूलच्या मैदानावर जाळीच्या मागे खुर्ची टाकून बसायचं, एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात रडार गन. त्यांच्या वर क्रॉसचेकर, तो सगळ्या भागांतली चांगली पोरं बघून तुलना करतो, आणि वर स्काउटिंग डायरेक्टर. मार्क देतात २० ते ८० या स्केलवर, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. बॅटिंग, ताकद, पळणं, थ्रो, फिल्डिंग, प्रत्येकाचे वेगळे मार्क. उजव्या हाताचा बॅटर बॉल मारून पहिल्या बेसवर ४.३ सेकंदांत पोचला तर पळण्यात ५०. कॅचरने बॉल पकडून दुसऱ्या बेसवर २ सेकंदांत पोचवला तर सरासरी.

एरिया स्काउटकडून मार्कांपेक्षा घराची माहिती काढा. माइक ट्राउट, पुढे बेसबॉलचा मोठा स्टार झालेला, न्यू जर्सीच्या मिलव्हिलचा, थंड हवामान, शाळेच्या मॅच कमी, बहुतेकांनी नीट बघितलाच नव्हता. एंजल्सच्या ग्रेग मोरहार्टने बघितला कारण तो ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये खेळलेला, बाप माहीत म्हणून पोरगा माहीत. २००९ ला २५ व्या नंबरवर मिळाला. त्याच वर्षी ह्यूस्टनने २१ व्या नंबरवर जिओव्हानी मिएर हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) घेतला होता, तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. चार नंबरांचा फरक, काय बोलणार!

म्हणून माझा आग्रह असा की थंड राज्यं आणि छोटी कॉलेजं इथे एक जादा माणूस ठेवा. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियात सगळे तीस जण बसलेलेच असतात. ह्यूस्टनला २०१८ च्या तिसऱ्या राउंडात मेन विद्यापीठातून जेरेमी पेन्या मिळाला, चार वर्षांत तो वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. २०१९ च्या पाचव्या राउंडात डिव्हिजन दोनच्या, म्हणजे कॉलेजांच्या दुसऱ्या फळीतल्या, वेन स्टेटमधून हंटर ब्राउन मिळाला, आज तो त्यांचा मुख्य पिचर आहे.

आकड्यांचं काम वेगळं. आता कॉलेजच्या मैदानांवर रडार आणि कॅमेरे आहेत, बॉल किती वेगाने फिरतो, बॅटवरून किती वेगाने सुटतो, बॅटर किती वेळा हवेत बॅट फिरवतो, सगळं मिळतं. यात दोन गोष्टींना जास्त वजन द्या. एक, वय. हायस्कूलच्याच एका वर्गात एक पोरगा १७ चा असतो, एक १९ चा, आणि खेळ सारखा दिसत असेल तर धाकटा घ्या. वर सांगितलेला निम्मला ड्राफ्टच्या दिवशी १७ चाच होता, २०२५ ला नॅशनल्सनी पहिल्या नंबरवर घेतलेला एली विलिट्स पण १७ चा. दोन, बॅट. शाळा-कॉलेजात धातूची बॅट असते, प्रोफेशनलमध्ये लाकडी, त्यामुळे उन्हाळ्यात केप कॉड लीगमध्ये लाकडी बॅटने पोरगा कसा खेळला ते कॉलेजच्या अख्ख्या सीझनइतकंच बघा.

स्काउट आणि आकडेवाले भांडले तर? भांडू द्या, पण दोघांचे मार्क एकमेकांना दाखवायच्या आधी लिहून घ्या. एकदा खोलीत मोठा साहेब बोलला की बाकीचे त्याच्या मागे माना डोलवतात, हे काय फक्त सरकारी ऑफिसात होतं असं नाही.

पायरी ५: पिचर की बॅटर, शाळा की कॉलेज

इथे थोडक्यात. पिचरचा हात तुटतो. हायस्कूल पिचरचा जास्त अंदाज लागत नाही. १९६५ पासून २०२५ पर्यंत उजव्या हाताचा एकही हायस्कूल पिचर पहिल्या नंबरवर गेलेला नाही, डावखुरे तीन गेले: १९७३ चा डेव्हिड क्लाइड, १९९१ चा ब्रायन टेलर आणि २०१४ चा ब्रेडी एकेन. टेलर मारामारीत खांदा गमावून बसला आणि मेजर लीगला पोचला नाही, एकेनही पोचला नाही, क्लाइड शाळा संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत मेजर लीगमध्ये उभा केला गेला आणि त्याचं करिअर लवकर आटोपलं.

वरच्या नंबरवर कॉलेजचा बॅटर, मधल्या नंबरवर वाचवलेल्या पैशातून हायस्कूलचा पिचर, आणि खाली कॉलेजचे पिचर ढिगाने, ही माझी ढोबळ आवड. पुढे नावाजलेला पिचर झालेला जेकब डीग्रॉम २०१० ला नवव्या राउंडात मिळालेला, कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप होता, म्हणजे हात न झिजलेला. असे खाली शोधा.

आपल्या टीमला आत्ता कॅचर हवाय म्हणून कॅचर घेऊ नका. तो वर येईल तोपर्यंत आत्ताचा जनरल मॅनेजर तरी असेल का?

पायरी ६: डॉक्टरांना आधी बसवा, नंतर नाही

२०१४. ह्यूस्टनचा परत पहिला नंबर, ब्रेडी एकेन, बोलणी ६५ लाखांवर पक्की. मग मेडिकल झालं आणि कोपराच्या लिगामेंटबद्दल टीमला शंका आली. ऑफर खाली आणली, एकदा तर ३१ लाख ६८ हजारांवर, म्हणजे ७९ लाखांच्या स्लॉटच्या बरोबर ४० टक्के, कारण तेवढी ऑफर दिली की पोराने नकार दिला तरी पुढच्या वर्षी भरपाईचा पिक मिळतो. एकेनने सही केली नाही. त्याचा स्लॉट पूलमधून गेला, आणि त्याच्यावर वाचणाऱ्या पैशातून पाचव्या राउंडच्या जेकब निक्सला कबूल केलेले १५ लाख हवेत विरले, त्याचीही सही झाली नाही. एका पोराच्या कोपरामुळे दोन पोरं गेली आणि टीमचं नाव खराब झालं ते वेगळं.

आता गंमत अशी की मार्च २०१५ मध्ये एकेनचं ते लिगामेंट खरंच फाटलं, म्हणजे डॉक्टर बरोबर होते. आणि भरपाईच्या २०१५ च्या दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टनला मिळाला अ‍ॅलेक्स ब्रेगमन. त्यामुळे इथले फॅन म्हणतात की झालं ते बरं झालं. मला हे पटत नाही. डॉक्टर बरोबर होते पण उशिरा होते, आणि नशिबाने वाचवलं त्याला पद्धत म्हणायची नसते.

म्हणून काय करायचं? आता ड्राफ्टच्या आधी कम्बाइन (पोरांच्या चाचण्यांचं शिबिर) असतो, तिथे पोरं मेडिकल करून घेऊ शकतात. ज्याने ते करून घेतलं त्याला टीमने स्लॉटच्या किमान ७५ टक्के ऑफर द्यावीच लागते, नंतर घासाघीस नाही. पहिल्या तीन राउंडातल्या प्रत्येक नावासमोर तुमच्या डॉक्टरचा शेरा ड्राफ्टच्या आठवडाभर आधी हवा: घ्या, कमी पैशात घ्या, नका घेऊ. ज्याने रिपोर्ट दिलेच नाहीत त्याची किंमत आपल्या यादीत आधीच उतरवा.

कुमार रॉकरची गोष्ट याच धाग्यातली. आई भारतीय वंशाची, म्हणून नाव कुमार, व्हँडरबिल्टचा जबरदस्त पिचर. २०२१ ला मेट्सनी दहाव्या नंबरवर घेतला, ६० लाख ठरले, मेडिकलनंतर मेट्सनी सहीच केली नाही. त्यांना पुढच्या वर्षी अकरावा नंबर भरपाईत मिळाला. रॉकर वर्षभर बाहेर, थोडा इंडिपेंडंट (मेजर लीगच्या टीमशी न जोडलेल्या) लीगमध्ये खेळला. २०२२ ला टेक्सास रेंजर्सनी त्याला तिसऱ्या नंबरवर घेतला तेव्हा लोक हसले. पण रेंजर्सचे दुसरे-तिसरे राउंड कोरी सीगर आणि मार्कस सेमिअनला साइन करण्यात गेले होते. त्यांनी रॉकरला स्लॉटपेक्षा बरेच कमी, ५२ लाख दिले आणि उरलेल्यातून चौथ्या राउंडात हायस्कूलच्या ब्रॉक पोर्टरला ३७ लाख. पुढे रॉकरची कोपराची सर्जरी झाली, तरी २०२४ ला तो मेजर लीगमध्ये आला, पोर्टर मात्र स्ट्राइक झोन शोधत राहिला, म्हणजे बॉल नेमक्या जागी पडेना. तरी त्या दिवसापुरता तो निर्णय मला योग्य वाटतो, आणि ड्राफ्ट त्या दिवशीच्या माहितीवरच जोखायचा असतो.

पायरी ७: फोन

प्रत्येक पोराच्या मागे एक सल्लागार असतो, तो एजंटच. ड्राफ्टच्या आधी त्याच्याकडून आकडा काढा: किती मिळाले तर कॉलेज सोडेल? हायस्कूलच्या पोराकडे कॉलेजचा पर्याय असतो, आणि आता कॉलेजात खेळाडूंना स्वतःचं नाव-फोटो जाहिरातीत वापरू देण्याचे पैसे मिळायला लागल्यापासून तो पर्याय अजून महाग झालाय. आईवडिलांशी एरिया स्काउटने बोललेलं बरं, ऑफिसातल्या साहेबाने नाही, कारण दोन वर्षं मैदानावर भेटणाऱ्या माणसाला घरचे खरं सांगतात. बाप म्हणतो वीस लाख आणि आई म्हणते शिक्षण, तर आईचं ऐका.

यादी आता दोन कॉलमची करा, एकात पोरगा आम्हाला किती किमतीचा वाटतो, दुसऱ्यात तो किती मागतोय. एक ते दोनशे असे नंबर लावू नका, गठ्ठे करा. एका गठ्ठ्यातले सात जण सारखेच वाटत असतील तर त्यातला जो कमी मागतोय तो वर. सोळावा की सतरावा यावर रात्रभर वाद घालणं म्हणजे निव्वळ करमणूक.

पायरी ८: ते दोन दिवस

२०२५ ला ड्राफ्ट दोनच दिवसांत उरकला, पहिल्या दिवशी तीन राउंड, दुसऱ्या दिवशी बाकीचे सतरा, आणि दुसऱ्या दिवशी नावं धडाधड जातात. एका माणसाचं काम फक्त पैशाची शीट. प्रत्येक नाव गेल्यावर त्याने ओरडून सांगायचं की किती उरले. एकाने फोनवर राहायचं: आम्ही तुला पुढच्या राउंडात घेतला तर इतक्यात सही करशील? हो म्हणाला तरच नाव घ्यायचं. पहिल्या १० राउंडात ‘बघू नंतर’ चालत नाही, निक्सची गोष्ट आठवा.

तुमचा महागडा पोरगा पहिल्या रात्री उरला असेल तर झोपायच्या आधी परत गणित करा, दुसऱ्या दिवशी पाचव्या ते दहाव्या राउंडात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची पोरं घ्या. त्यांच्याकडे सौदा करायला फारसं काही उरलेलं नसतं, ती काही हजार डॉलरमध्ये सही करतात आणि तो फरक महागड्याकडे जातो. या पोरांना मात्र नीट वागवा, फक्त स्लॉट भरायला आणलेलं भरताड समजू नका, पोरांना ते कळतं.

अकराव्या राउंडनंतर दीड लाखवाली पोरं, आणि त्यातच दोन-तीन मोठ्या मागणीची हायस्कूलची पोरं ‘राखीव’ म्हणून घ्या. वर कोणाची सही कमी पैशात झाली आणि पूलमध्ये काही उरलं तर त्यांना वळवता येईल, नाही वळली तर अकराव्यानंतरचा पिक वाया गेल्याने पूलमधून काही जात नाही.

पायरी ९: सही झाल्यावर

मायनर लीगच्या यादीत अमेरिकेत आता एकूण १६५ जणच ठेवता येतात. म्हणजे नवीन वीस आले तर कोणीतरी वीस जाणार. ह्यूस्टनने २००९ च्या विसाव्या राउंडात जे.डी. मार्टिनेझ शोधला होता, केवढं कौतुक, आणि मार्च २०१४ मध्ये त्यालाच सोडून दिला. त्याने स्विंग बदलला होता, टीमने नवीन स्विंग नीट बघितलाच नाही, तो डेट्रॉइटला जाऊन स्टार झाला. पोरगा घेताना जेवढी माणसं खोलीत असतात तेवढीच सोडताना पण ठेवा.

आणि सगळीच पोरं तुमच्याकडे खेळायला हवीत असं नाही. २०१५ ला ह्यूस्टनने ब्रेगमनला स्लॉटपेक्षा कमी, ५९ लाख दिले, पाचव्या नंबरवर काइल टकर घेतला आणि ३७ व्या नंबरवर डॅझ कॅमेरनला तब्बल ४० लाख दिले. कॅमेरन ह्यूस्टनच्या मेजर लीग टीममध्ये एक मॅच खेळला नाही. पण ३१ ऑगस्ट २०१७ च्या रात्री जस्टिन व्हर्लँडर हा नावाजलेला पिचर डेट्रॉइटहून आला तो ज्या तीन पोरांच्या बदल्यात, त्यातला एक कॅमेरन. दोन महिन्यांनी ट्रॉफी.

शेवटचं एक कागदी काम: प्रत्येक पिक का घेतला, कोण विरोधात होता, किती पैसे कुठून वळवले, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी उघडा. २०१३ ला ह्यूस्टनने तिसऱ्या बेसवरचा क्रिस ब्रायंट सोडून मार्क अपेलला पहिल्या नंबरवर घेतलं होतं, ब्रायंट २०१६ ला नॅशनल लीगचा एमव्हीपी झाला आणि अपेलची मेजर लीगमधली पहिली मॅच २०२२ ला, तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियासाठी. त्या खोलीत तेव्हा ब्रायंटचं नाव कोणी घेतलं होतं हे कुठेतरी लिहिलेलं असेल तर त्या माणसाचा पगार वाढवायला हवा होता.

हे सगळं उरकेपर्यंत जुलै संपतो. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात एरिया कोड गेम्स असतात, पुढच्या वर्षीची हायस्कूलची पोरं तिथे येतात, तेव्हा एरिया स्काउटची तिकिटं आत्ताच काढून ठेवा.